सैल स्प्रिंगचा फोनो

फाल्गुन लागला की माझ्या वहीची पानं पिवळी होऊ लागतात. हात कितीही धुतला तरी पान उलटताना कोपऱ्याला हळद लागतेच. पुढे वर्षभर त्या डागांवरून मला सांगता येतं, हे पान हळदीच्या दिवसांतलं. आजचंही पान तसंच झालं आहे. मळ्यात हळद शिजवायच्या काहिलीखाली पहाटेपासून जाळ आहे. वाफ आधी आंबेहळदीसारखी उग्र येते, मग मातीचा वास मागे सरतो आणि गोडसर, जड असा एक वास गल्लीपर्यंत पोचतो. तो आला की मी हातातलं काम टाकून काहिलीकडे जाते. हळकुंडात काडी घालून बघायची. काडी आरपार गेली की झालं. इतक्या वर्षांत काडीपेक्षा माझ्या नाकावर माझा जास्त भरवसा बसला आहे, तरी काडी घालतेच.

वहीत आजची कामं लिहिली आहेत. खळं सारवून घेणं, पोती धुऊन वाळवणं, हौसाबाईला निरोप, बाभळीचे काटे तासून ठेवणं, फोनो पुसणं. शेवटच्या दोन कामांचा हळदीशी काय संबंध, असं कोणी विचारेल. आमच्या आष्टा गावात आता कोणी विचारत नाही.

मी यादी करणारी बाई आहे. सासरी आल्यावर चौथ्या दिवशी मी कोठीतल्या डब्यांची यादी केली, तेव्हा माझे यजमान हसून म्हणाले होते, "आता माणसांची बी कर." माणसांची केली नाही, पण त्यांच्या गोष्टी माझ्या वह्यांत आपोआप येत गेल्या. मंदाची आली ती अशीच.

मंदा माझी धाकटी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे तिची वेणी माझ्याकडे आली. वेणी घालताना ती गात असे, आणि सूर वर गेला की मानही वर जाई. मग भांग वाकडा. "मान खाली ठेव," मी म्हणायची. "मग आवाज कसा वर जाणार वैनी?" ती विचारायची. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, सणाला ती स्तवन म्हणायची तेव्हा बाहेर चपला सांभाळत बसलेली माणसंसुद्धा आत डोकावत. मला सुरातलं काही कळत नाही. मला एवढंच कळायचं की ती गात असताना मी यादीतलं पुढचं काम विसरते.

पुढे सांगलीत एका गुरुजींकडे शिकवणी झाली, पेटी वाजवणाऱ्या एका शिक्षकाशी लग्न झालं, ते तिला मुंबईला घेऊन गेले आणि दोन वर्षांत तिची पहिली तबकडी निघाली. तबकडीवर छापलं होतं, कुमारी मंदाकिनी. "लग्नाला दोन वर्षं झाली आणि कुमारी कशी?" असं तिच्या भावानं, म्हणजे माझ्या यजमानांनी, पत्रानं विचारलं. तिचं उत्तर आलं, "अण्णा, कंपनीचं म्हणणं, कुमारीच्या तबकड्या जास्त खपतात. तुमच्या मेव्हण्यांची हरकत नाही."

त्या तबकडीवर नावेचं गाणं होतं. एक मुलगी नदीकाठी उभी आहे, नाव पलीकडच्या तीराला आहे, ती नावाड्याला हाक मारते. एवढंच. पण ती हाक मंदानं अशी काही वर नेली होती की ऐकणाऱ्याला वाटावं, आता नदीच्या पलीकडचा माणूस वळून बघणार. ते गाणं सांगलीच्या हॉटेलांत वाजलं, साताऱ्याला लग्नाच्या मांडवांत वाजलं, इस्लामपूरच्या बाजारात एक बांगडीवाला ते गुणगुणताना मी स्वतः ऐकलं. साबणाच्या कॅलेंडरवर तिचं चित्र आलं. त्यात तिचा भांग सरळ होता. कोणी काढला असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं.

ती तबकडी वाजवायला अण्णांनी सांगलीहून एक वापरलेला फोनो आणला. (मंदामुळे सगळ्या गावाचेच ते अण्णा झाले होते, मीही इथे तेच म्हणते.) फोनो दिसायला देखणा, पण त्याची स्प्रिंग सैल होती. चावी कितीही फिरवा, तबकडी रेंगाळत फिरायची. आणि लढाईचे दिवस, त्यामुळे पोलादी सुया मिळेनात. अण्णांनी बाभळीचे लांब काटे तासून सुईच्या जागी बसवले. काट्यावर आवाज मऊ यायचा, पितळी डब्यात बोलल्यासारखा कर्कशपणा त्यात नसायचा. मी वहीत लिहिलं, "फोनोची स्प्रिंग, सांगली." पण सांगलीला जाणं व्हायचं ते हळद घेऊन, आणि हळदीच्या गाडीबरोबर फोनो नेणार कोण. ती ओळ मी एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात उतरवत राहिले. माझ्या वह्यांत इतकी वर्षं खूण न झालेली ती एकच ओळ असावी.

हळद पॉलिश करायच्या दिवसांत तो फोनो आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत असायचा आणि अंगणात हौसाबाई आणि तिच्या बायका. वाळलेली हळकुंडं गोणपाटावर घालून, वरून दुसऱ्या गोणपाटानं घासायची. साल निघतं, हळकुंड चमकतं, आणि घासणाऱ्या बायका डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या होतात. हे काम गाण्याशिवाय होत नाही. हौसाबाई पुढे म्हणायची, बाकीच्या मागे ओढायच्या, हात त्या ठेक्यावर. फोनो आल्यावर दुपारी एकदा मी नावेची तबकडी लावायची. चार दिवसांत ती बायकांना पाठ झाली. मग तबकडीची गरज उरली नाही.

हे सगळं सुखाचं चाललं होतं. मग एका माघात, हळद खणून झाली असताना, मंदा अचानक आली.

सर्व्हिस मोटारीतून उतरली तेव्हा तिच्या हातात एक ट्रंक आणि गळ्याशी गुंडाळलेला लोकरीचा रुमाल. मी म्हणाले, "अगं, कळवायचंस तरी." तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि पिशवीतून पाटी काढली. त्यावर आधीच लिहून आणलं होतं. "बोलायचं नाही. पंचेचाळीस दिवस."

बाकीचं तिनं सोप्यात बसून लिहून सांगितलं. सगळा हिवाळा आठवड्याला तीन-तीन जलसे झाले, उघड्या मांडवात, मागच्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा म्हणून ताणून. एका संध्याकाळी नावाड्याला हाक मारताना आवाज फाटला. मिरजेच्या डॉक्टरांनी घसा तपासला आणि सांगितलं की पंचेचाळीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आवाज परत येईल. पण वरचा सूर पूर्वीसारखा येईलच, असं ते सांगत नाहीत.

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "नाही आला तर?"

मंदानं पाटी पुसली. मग काहीच न लिहिता पाटी माझ्याकडे दिली.

तिची ट्रंक लावताना (सामानाची यादी करायला नको का) मला तबकडी कंपनीचं पत्र सापडलं. चैत्राच्या शेवटी चार गाणी भरायची आहेत, आवाज आणि पट्टी आधीचीच हवी, जमणार नसेल तर तसं कळवावं म्हणजे दुसरी सोय करता येईल. 'दुसरी सोय' म्हणजे दुसरी मुलगी, हे मला सुरातलं काही न कळताही कळलं. मी पत्र होतं तिथे ठेवलं आणि त्या दिवसापासून पंचेचाळीस रकाने आखले.

मी काय काय आखलं होतं ते आज वाचून मलाच हसू येतं. सकाळी वाफ. कोमट पाणी. तळलेलं नाही, आंबट नाही. जेवण आमच्या घरी दिवस मावळायच्या आत होतंच, तेवढं एक काम कमी. धूर लागू नये म्हणून काहिलीच्या बाजूची खिडकी बंद. कोणी गायला सांगायचं नाही. कोणी आवाजाबद्दल विचारायचं नाही. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, "अंगणात गाणं बंद."

जो येई तो दबक्या आवाजात एकच औषध सांगे. घशाला हळद द्या. सोप्यात हळद, माळ्यावर हळद, अंगणात गुडघाभर हळद, आणि आलेला पाहुणा आम्हाला हळदीचे गुण सांगतोय. मंदा खांदे हलवून हसायची. आवाज न करता हसायला ती तिसऱ्याच दिवशी शिकली.

शेजारच्या पद्माक्कांनी मात्र वेगळाच अर्थ काढला. पद्माक्का गल्लीतल्या सगळ्यात वडील, व्रतं-उपासांत सगळ्यांच्या पुढे. त्यांनी बघितलं की मंदा पांढरं लुगडं नेसून बसली आहे, साधं जेवते, बोलत नाही, नुसते हात जोडते. त्या उठल्या आणि गल्लीत सांगून आल्या की पाटलांच्या मंदानं मौन घेतलंय. दुसऱ्या दिवशी दारात तीन बायका, हातांत नारळ आणि तांदूळ. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मंदा घाबरून उठली आणि त्यांच्याच पाया पडली. त्यामुळे तर त्यांची खात्रीच पटली.

"बघा, केवढी नम्र झालीया," पद्माक्का म्हणाल्या. "मुंबईला गेलेली पोर, पर संस्कार गेले न्हाईत."

सगळ्या गेल्यावर मंदानं पाटी माझ्यापुढे धरली. "वहिनी, आणखी चार दिवसांनी माझी मिरवणूक निघेल. काहीतरी करा."

मी काही केलं नाही. खोटं मी सांगितलं नव्हतं, आणि मौन आहे म्हटल्यावर गाणं म्हण असं कोणी सांगणार नव्हतं. माझ्या यादीतली दोन कामं पद्माक्कांनी परस्पर केली होती. कोठीत मात्र नारळ साठत गेले. त्या महिन्यात आमच्याकडे जितक्या वेळा खोबऱ्याच्या वड्या झाल्या तितक्या एरवी दोन वर्षांत होत नाहीत.

अंगणातलं गाणं बंद करणं तितकं सोपं गेलं नाही. हळद वाळून पॉलिशला आली. मी हौसाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "हौसाबाई, औंदा गाणं नको. ताईसाहेबांची तब्येत बरी नाही."

"बरं वैनी," ती म्हणाली. "गप करतो."

हौसाबाई पन्नाशीची, अंगानं काटक, शब्दाची पक्की. तिच्या बायका गप्प घासू लागल्या. गोणपाटाचा नुसता खसखस आवाज. पहिल्या दिवशी माझ्या अंदाजाच्या निम्मीच हळद झाली. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी, आणि हळकुंडं उघडी केली तर चमक कुठे आहे, कुठे नाही. तिसऱ्या दिवशी हौसाबाई कमरेवर हात ठेवून सोप्यासमोर उभी राहिली.

"वैनी, राग मानू नगा. ह्यो कामाचा आळस न्हाई. गाण्यात हात आपोआप फिरतोया. आता दर येळी हाताला सांगाय लागतंय, फिर बाबा, फिर बाबा. हाताला सांगून कुठं काम व्हतंय व्हय?"

"मग ओव्या म्हणा. हळू."

"ववीला हात लय हळू पडतोया. ह्याला त्ये नावंचंच गाणं लागतं. त्याच्यावर हात बसल्यात आमचं."

म्हणजे नेमकं मंदाचं गाणं. त्यातली नेमकी ती हाक. मी मान हलवणार होते, नाही म्हणणार होते. तेवढ्यात मागून खडूचा आवाज आला. मंदा दारात उभी होती. पाटीवर लिहिलं होतं, "गाऊ दे त्यांना."

"अगं, पण तुला..."

तिनं पाटीवरच्या त्या तीन शब्दांखाली रेघ ओढली.

मी सोप्यातून बघत होते. बायका बसल्या, गोणपाट सरळ झाले, हौसाबाईनं घसा खाकरला आणि गाणं सुरू झालं. मंदा उंबऱ्यावर बसली होती. तिची पाठ ताठ होती, जशी कोणी टाके घालणार असताना माणूस पाठ ताठ करून बसतो तशी. ती त्या हाकेची वाट बघत होती, हे मला कळत होतं. नदी आली, काठ आला, मग ती जागा आली. आणि बायका वर गेल्याच नाहीत. गाणं संथ, खाली, छातीतून येणारं. नावाड्याची हाक आली तीही तशीच, जवळ बसलेल्या माणसाला काही सांगावं तशी. हात मात्र जोरात फिरत होते. एका हाकेत चार फेरे.

मंदा उठली आणि आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी मागोमाग गेले तर ती माळ्याच्या शिडीवर. तिची जुनी पेटी तिनं खाली काढली, धूळ पदरानंच पुसली, मांडी घालून बसली. एका हातानं भाता, दुसऱ्या हाताचं एकच बोट. बाहेर बायका गात होत्या आणि आत ती एकेक स्वर दाबून बघत होती. एका पांढऱ्या पट्टीवर बोट थांबलं. पेटी आणि अंगण एक झालं. मलासुद्धा कळलं. मग तिनं तिथून वर, मधल्या दोन पट्ट्या सोडून, तिसरी काळी दाबली. नुसती दाबली, आणि माझ्याकडे बघितलं. ती पट्टी मला ओळखीची वाटली नाही, पण तिचा चेहरा ओळखीचा होता. भांग काढताना मान वर करायची तो.

पाटीवर तिनं लिहिलं, "तबकडीत मी काळी पाचमध्ये गायले. ह्या पांढरी पाचमध्ये गातात. तीन सूर खाली. आणि सगळ्याजणी एकाच सुरात. का?"

मला वहीतली स्प्रिंगची ओळ आठवली. मी तिला फोनोजवळ नेलं, चावी दिली, काटा ठेवला. तबकडी रेंगाळत फिरू लागली. मंदानं स्वतःचा आवाज ऐकला, संथ, जड, तीन सूर खाली. बायकांनी चूक केलीच नव्हती. त्यांनी जसं ऐकलं तसं उचललं होतं.

"स्प्रिंग सैल आहे," मी म्हणाले. "दुरुस्त करायची होती. वहीत लिहिलंय. कधीपासूनचं लिहिलंय."

वही आणून दाखवली. पानामागून पान, "फोनोची स्प्रिंग, सांगली." मंदा ते वाचत गेली आणि तिचे खांदे हलू लागले. इतके हलले की ती पेटीवर डोकं टेकून बसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. डॉक्टरांनी हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती रोज दुपारी उंबऱ्यावर बसू लागली. पुढच्या आठवड्यात अंगणात. मग एक गोणपाट तिनंही घेतलं. हौसाबाईनं सरकून जागा दिली. पद्माक्कांनी हे बघितलं तेव्हा त्या हरखून म्हणाल्या, "मौनात श्रमदान बी." मला राहवलं नाही आणि मी त्यांना खरं सांगून टाकलं. डॉक्टर, घसा, तबकडी, सगळं. नारळांबद्दल माफीही मागितली.

पद्माक्कांनी मंदाकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "कशापायी का असंना, महिना झाला गप बसलीया. मला जेवताना बी जमत न्हाई. नारळ राहू द्या."

हौसाबाईला मी एकदा विचारलं, "ती नावाड्याची हाक तुम्ही इतकी हळू का म्हणता? तो तर नदीच्या पलीकडे आहे." मला वाटलं ती म्हणेल, फोनोत तशीच आहे.

ती घासता घासता म्हणाली, "पलीकडं कशाला असंल? नाव काठाला लागलीया. आता वरडायचं कशापायी? नुसतं सांगायचं, चल म्हणून."

शेजारी मंदाचा हात क्षणभर थांबला, परत फिरू लागला.

पंचेचाळिसाव्या दिवसाची मी मोठी तयारी केली होती. घरात गडबड नको, अण्णांनी मळ्यात जावं, कोमट पाणी तयार, पेटी मांडलेली. एकच शब्द बोलून बघायचा, मग विश्रांती. मंदा पाणी प्याली, पेटीकडे तिनं बघितलंही नाही, आणि अंगणात जाऊन बायकांत बसली. माझ्या हातात वही तशीच.

गाणं चालू होतं. मी मंदाच्या ओठांकडे बघत होते. ते हलले की नाही, नीट कळेना. सात जणींचा आवाज, त्यात एक आठवा कसा ओळखायचा? मला कळलं ते हौसाबाईमुळे. हौसाबाईचा हात फिरत राहिला, पण तोंड बंद झालं. ती ऐकत होती. मग तिच्या शेजारची गप्प झाली, मग तिच्या पलीकडची. हात सगळ्यांचे चालूच. आणि त्या खसखस आवाजावर एक आवाज उरला, संथ, थोडा खरखरीत, पांढरी पाचमधला. नावाड्याची जागा आली. मंदानं मान वर केली नाही. खाली बघत, हळकुंडं घासत, तिनं त्याला नुसतं सांगितलं.

माझ्या वहीत त्या दिवशीच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. फक्त अंगठ्याचा एक मोठा पिवळा ठसा आहे.

गाणं झाल्यावर हौसाबाई म्हणाली, "ताईसाब, तुमी आमच्यावाणीच म्हंता की." ही तिची शाबासकी होती. बायका हसल्या. मंदा उठून माझ्याकडे आली आणि पंचेचाळीस दिवसांनंतरचं पहिलं वाक्य बोलली.

"वहिनी, एवढ्यात स्प्रिंग दुरुस्त करू नका."

"का गं?"

"त्या वरच्या पट्टीत गेल्या तर मी त्यांच्यात बसू कशी? मी सांगेन तेव्हा करा."

मी आत जाऊन त्या ओळीपुढे लिहिलं, "मंदा सांगेल तेव्हा."

चैत्रात ती मुंबईला गेली. पुढचं तिच्या पत्रांतून कळत गेलं. वरचा सूर परत आला नाही. कंपनीच्या माणसांनी तिचा नवा आवाज ऐकून चहा मागवला आणि विषय बदलला. चारपैकी तीन गाणी दुसऱ्या मुलीला गेली. मंदानं भांडण केलं नाही. तिनं एवढंच मागितलं की नावेचं गाणं मला पुन्हा, माझ्या आताच्या पट्टीत, एकदा भरू द्या. त्यांनी बराच विचार करून ते त्या नव्या मुलीच्या तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं. लोकांनी पुढची बाजू एकदा ऐकली आणि तबकडी उलटली. सांगलीच्या एका हॉटेलात मी पाहिलं, मागच्या बाजूच्या रेघा घासून पांढऱ्या पडल्या होत्या आणि पुढची बाजू नवी कोरी. तिथे चहा पिणारे दोन अडते वाद घालत होते. एकाचं म्हणणं, ही कुमारी मंदाकिनीची थोरली बहीण. दुसऱ्याचं म्हणणं, बहीण नव्हे, आई. मी उठून सांगणार होते की मी तिची वेणी घातली आहे. पण गाडी सुटायची वेळ झाली होती.

त्यानंतर तिच्या बऱ्याच तबकड्या आल्या, सगळ्या पांढरी पाचमध्ये. जलसे ती आता थोडे घेते, आणि मांडव लहान असेल तरच. कॅलेंडरवर चित्र येत नाही. नावामागचं कुमारी कंपनीनं काढून टाकलं, तेव्हा तिच्या यजमानांनी पेढे वाटले म्हणे.

नावेची ती दुसरी तबकडी तिनं आम्हाला दिवाळीत पाठवली. गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात. सोबत चिठ्ठी, एकाच ओळीची. "वहिनी, आता स्प्रिंग."

मी दुसऱ्याच दिवशी फोनो मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीनं सांगली गाठली. दुरुस्ती करणाऱ्यानं फोनो उघडला, जुनी स्प्रिंग बाहेर काढली आणि मला विचारलं, "बाई, इतकी वर्षं ह्याच्यावर ऐकलंत तरी काय?" मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपार गेली असती.

ओळीपुढे खूण केली, पण फोनो लगेच वाजवला नाही. फाल्गुनापर्यंत थांबले. बायका अंगणात बसल्या, गोणपाट सरळ झाले, गाणं सुरू झालं. त्यांचं ते नेहमीचं, जसं त्यांच्या हातांना माहीत होतं तसं. मग मी सोप्यात चावी फिरवली, नवा काटा बसवला आणि तबकडीवर हळूच टेकवला. तबकडी पहिल्यांदाच आमच्या घरात जशी फिरायला हवी तशी फिरली. मंदाचा आवाज निघाला आणि अंगणातल्या आवाजात जाऊन बसला. एक सूर इकडे नाही, एक सूर तिकडे नाही. हौसाबाईनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त थोडी सरकली, जशी त्या वर्षी कोणासाठी तरी सरकली होती.

आजही तसंच झालं. काहिलीवरून मी घरी आले तेव्हा आधीच शिजून वाळलेली पहिल्या घाण्याची हळद अंगणात पॉलिशला होती आणि सोप्यात फोनो चालू होता. मी उंबऱ्यावर टेकले. नाव काठाला लागली, हात फिरत राहिले, गाणं पुढे गेलं. काही वेळानं माझ्या लक्षात आलं की तबकडी केव्हाच संपली आहे आणि काटा मधल्या कागदावर नुसता खरखरतोय. अंगणात कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि काटा उचलून ठेवला.